कर्जतला भरती येते

रायगड जिल्ह्याला समुद्र भरपूर आहे. फक्त तो आमच्या कर्जत-खालापूरला चुकवून गेला. अलिबाग-मुरुडची माणसे पाहुण्यांना संध्याकाळी किनाऱ्यावर सोडतात आणि स्वतः घरी पंख्याखाली आडवी होतात. आम्ही काय दाखवणार? पूर्वी स्टेशनवरचा बटाटेवडा आणि घाट चढायला गाडीमागे लागणारी इंजिने एवढ्यावर पाहुणे खूश असत. हल्ली त्यांनी मोबाइलवर ग्रीसमधले सँटोरिनी पाहिलेले असते.

गरज ओळखून कर्जतने सँटोरिनी बांधायला घेतले. भाताच्या खाचरांमध्ये पांढऱ्याशुभ्र भिंती, निळे घुमट, दारात बोगनवेल. भूमध्य समुद्रावर उन्हाळे कोरडे असतात, त्यामुळे तिकडचा पांढरा रंग पांढराच राहतो. इकडे जूनमध्ये पाऊस लागला की भिंतींवर शेवाळ चढते आणि ऑगस्टपर्यंत ग्रीसचे आपोआप कोकण होते. ज्वालामुखीत मात्र आम्ही कोणाला हार जाणार नाही. सँटोरिनीचा मोठा स्फोट साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. आमचा सह्याद्री ज्या लाव्ह्याचा झाला, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जरा निवला आहे, इतकेच.

माझा दादरचा मेव्हणा जानेवारीत अशाच एका ग्रीसमध्ये सपत्नीक उतरला. मुलाचे दहावीचे वर्ष, म्हणून त्याला घरी ठेवले होते. आम्हालाही आग्रहाने बोलावले. ‘‘भाऊजी, मुंबईचं नावसुद्धा काढायचं नाही,’’ असे बजावून त्याने फोन बंद करून खिशात टाकला. पॅकेजमध्ये ‘सनसेट क्रूझ’ होती. क्रूझ म्हणजे पेज नदीतली रबरी होडी, आणि कप्तान म्हणजे सकाळी बागेला पाणी घालणारा गावातला पोरगा.

होडी सुटली. मेव्हण्याने गॉगल लावला, वहिनींनी हॅट सारखी केली. इतक्यात सूर्य गेला.

‘‘मावळला? एवढ्यात?’’

‘‘नाय साहेब, माथेरानला गेला,’’ कप्तान म्हणाला.

खरेच आहे. आमच्या पश्चिमेला माथेरानचा डोंगर उभा. मुंबईकरांचा सूर्य अजून चौपाटीवर भेळ खात असतो, तेव्हा आमचा डोंगराआड गेलेला असतो.

‘‘ही नदी पुढे जाते कुठे?’’ वहिनींनी विचारले.

‘‘उल्हासला मिळते. मग बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीत.’’

‘‘अगंबाई, म्हणजे आपली लोकलच की!’’

मेव्हण्याचा चेहरा उतरला. ज्या मार्गाने तो मुंबईतून सुटून आला होता, बराचसा त्याच मार्गाने नदी परत निघाली होती. आणि मग होडीही थांबली. खाली दगड लागले होते.

‘‘बसा निवांत,’’ कप्तान म्हणाला. ‘‘पाणी सुटलं की निघेल.’’

‘‘सुटलं की म्हणजे? कोण सोडतं?’’

इथे मला बोलायची संधी मिळाली. घाटमाथ्यावर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. एरवी ते पाणी इंद्रायणीत गेले असते आणि देहू-आळंदी करून भीमेतून थेट पंढरपूरला पोहोचले असते. टाटांनी 1922 मध्ये भिवपुरीला वीजघर सुरू केले आणि हे पाणी घाटाखाली उतरवले. वारीला निघालेले पाणी तेव्हापासून कर्जतला सहलीला येते. खालापूरची गोष्टही तीच. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजघरातून 1915 पासून पाताळगंगेत पडते. म्हणून आमच्या या नद्या भर उन्हाळ्यातही वाहतात. मुंबईत विजेची मागणी वाढली की वीजघर जोरात चालते आणि इकडे पाणी चढते. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेमच. चंद्राचे तिथे फारसे कोणी ऐकत नाही. आमच्या नदीला मात्र भरती येते, आणि तिचा चंद्र मुंबईत भिंतीवर बटणाच्या रूपात असतो.

‘‘म्हणजे आत्ता पाणी का नाही?’’

‘‘जानेवारी आहे. मुंबईत गारवा पडला असेल. लोकांनी एसी बंद केले असतील.’’

मेव्हणा बराच वेळ गप्प बसला. डास मात्र गप्प नव्हते. कप्तानाने वल्हे आडवे टाकून बिडी शिलगावली. समुद्रपर्यटनातली खरी निवांत मुद्रा मी तेव्हा प्रथम पाहिली. वहिनींनी जेवणाची वेळ विचारली. मग मेव्हण्याने गॉगल काढला, खिशातला फोन चालू केला आणि दादरला घरी लावला.

‘‘बंड्या, ऐक. घरातले सगळे एसी लाव. हो, सगळे. गिझरही चालू कर. थंडी वाजली तर दोन गोधड्या घे, पण बंद करू नकोस... अरे, बिलाचं मी बघतो! आणि शेजारच्या काकांनाही सांग, म्हणावं बाबा कर्जतला अडकलेत!’’