ग्रुप फोटोतली नाती

आमच्याकडे एका लग्नातला जुना ग्रुप फोटो आहे. मागे नावं लिहिलेली नाहीत. घरात नवी सून आली की तिला तो कौतुकाने दाखवतात आणि ती न चुकता मधुकाकांच्या शेजारच्या बाईंना काकू समजते. त्या वाड्यातल्या भाडेकरू. काकू मागच्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआड.

रेणूंच्या फाइली एका प्रकारातून दुसऱ्यात नेताना मला तो फोटो हटकून आठवतो. ‘एक्सवायझेड’ ही फाइल म्हणजे असाच फोटो : कोणता अणू कुठे उभा आहे, एवढंच. कोण कुणाशी बांधलाय, याबद्दल चकार शब्द नाही. पुढच्या फाइलीला मात्र बंध हवेच असतात. मग प्रोग्रॅम फूटपट्टी काढतो. दोन कार्बन १.५४ अँगस्ट्रॉमवर असतील तर एकेरी बंध, १.३४ वर असतील तर दुहेरी. बेंझिनपाशी पंचाईत होते. तिथे सहाही अंतरं १.३९ च्या आसपास, धड ना एकेरी ना दुहेरी. एक प्रोग्रॅम केकुलेने १८६५ साली सुचवलेल्या कड्याला स्मरून एकाआड एक दुहेरी रेघा मारतो, दुसरा आत गोल काढतो, आणि तुलनेला बसवलेला एखादा भोळा तिसरा म्हणतो, हे दोन वेगळे पदार्थ!

चुकण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘मला माहीत नाही’ म्हणायला काय जातं? पत्ता ठाऊक नसताना “सरळ जा, मग डावीकडे” सांगणाऱ्या गृहस्थांसारखा हा ठाम.

परवा एका विद्यार्थिनीने पुदिन्यातला कार्व्होन घेतला. ‘स्माइल्स’ या प्रकारात रेणू एका ओळीत लिहितात. त्यात एका कार्बनवर ईमेलमधलं ॲटचं चिन्ह होतं. ते एकदा आलं तर शेजारी घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचे, दोनदा आलं तर सुलट. मधल्या एका सपाट चित्राच्या फाइलीत ती खूण गळाली. पुन्हा त्रिमिती करताना प्रोग्रॅमने मनानेच एक बाजू धरली. सूत्र तेच, वजन तेच, बंधही तेच. फक्त आरशातला रेणू आला. आणि आरशातला कार्व्होन पुदिन्याचा नसतो, बाळंतशेपेचा असतो. स्क्रीनवर एकही एरर नाही. नाकाला एका क्षणात कळलं असतं, पण फाइलीला कुठला वास?

आमचा फोटोही एकदा स्टुडिओत मोठा करायला दिला होता. निगेटिव्ह उलटी लागली. माणसं सगळी जागच्या जागी वाटत होती. आम्ही पैसे देऊन, फ्रेम करून भिंतीवर लावलासुद्धा. संध्याकाळी आत्या आली, चष्मा वर केला आणि म्हणाली, “अरे, सगळ्यांचे पदर उजव्या खांद्यावर? आपल्यात एवढ्या गुजराती बायका कधी होत्या?”