बदली होऊन बीडला आलेल्यांसाठी इंग्रजी

कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकून बीडला बदलून आलेल्यांची पहिले काही दिवस फार आबाळ होते. त्यांच्या सोयीसाठी या सूचना.

प्रथम तोंड पूर्ण उघडावे. 2009 साली शासनाने मराठी वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' यांना अधिकृत जागा दिली. पण शासन निर्णय गेवराईला पोचायला वेळ लागतो. तोवर 'डाक्टर', 'कालेज' चालू द्यावे. जोडाक्षरातला 'र' वाटेतच उतरवावा : टॅक्टर, डायवर. 'प्राब्लेम'मधला तेवढा राहू द्यावा, इथले प्राब्लेम सहसा सुटत नाहीत.

विभक्ती लावल्याशिवाय शब्द घराबाहेर सोडू नये : टायमाला, सायडीला, लायनीत. शेवटी 'व्हायलाय' जोडले की वर्तमानकाळ तयार : 'मोबाईल हँग व्हायलाय.'

खरा धोका शब्दसंग्रहात आहे. पुण्यात 'बोर झालं' म्हणजे कंटाळा आला. केजात 'बोर' जमिनीत मारतात, आणि तो फेल गेला असे सांगणाऱ्यापुढे जांभई देऊ नये. त्यासाठी त्याने कर्ज काढलेले असते. 'दोन इंची लागलं' हे पावसाचे माप नव्हे, बोरच्या पाण्याचे. तीच गत डीपीची. 'डीपी बदलायचीय' हे ऐकून कोणी खिशातला फोन काढून स्वतःचा फोटो शोधू लागला, तर तो साहेब नवा आहे हे अख्ख्या गावाला कळते. वीज कंपनीच्या कागदावर तिला रोहित्र म्हणतात. ती जळते, वर्गणी निघते, टॅक्टरात बसून ती तालुक्याला जाते.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत जिल्हा निजामाकडे, कचेरीची भाषा उर्दू. म्हणून इंग्रजी इथे साहेबाच्या तोंडून कमी आणि पाण्याच्या मोटारीबरोबर जास्त आली, असे आमचे मत आहे. ती व्याकरणापेक्षा पान्याला अधिक जुमानते.

त्याच तारखेला, 2025 साली, नगरहून बीड शहरात रेल्वे आली. त्याआधी हा शब्द मुख्यतः निवडणुकीत वापरायचा होता. आता 'टेशन' विचारणाऱ्याला 'ष्टँड' दाखवू नये.

परीक्षा तोंडी असते. वायरमनला फोन लावून 'थ्री फेज कवा येणार?' असे विचारावे. 'यायलीय, यायलीय' असे उत्तर आले तर पास. 'सर, कम्प्लेंट नोंदवा' असे अदबीने आले, तर पुढच्या महिन्यात पुन्हा बसावे.