बालवैज्ञानिकाचा सत्कार : होतकरू आयोजकांसाठी प्राथमिक धडे

पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नये. मुलगी चार-चार महिने प्रयोग करत असते, तेव्हा तिच्याकडे फिरकायचं काही कारण नाही. त्या काळात फार तर ‘अभ्यास सोडून हे काय चाललंय?’ एवढं विचारावं. आपलं काम सुरू होतं ते निकालानंतर. व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिलं ‘हार्दिक अभिनंदन’ पडलं, त्याखाली गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात आले, की समजावं मुहूर्त लागला. मग सगळ्यात आधी फ्लेक्सवाल्याला फोन करावा. शाळेला नंतर केला तरी चालतो.

फ्लेक्सबद्दल फारसं शिकवावं लागत नाही, ते आपल्या रक्तातच आहे. विद्यार्थिनीचा फोटो ओळखपत्रावरचा घ्यावा, शुभेच्छुकांचे फोटो स्टुडिओतले. मात्र मजकुराच्या बाबतीत नवशिके आयोजक फार चुकतात. ते स्पर्धेचं नाव नीट वाचतात! त्याने मजकूर पातळ होतो. मुलगी ‘डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धे’त चमकली असेल, तर ती सहावीत किंवा नववीतच असणार, कारण ही स्पर्धा त्याच दोन इयत्तांसाठी असते. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांचं मंडळ १९८१पासून ती घेतं. आधी लेखी परीक्षा, त्यातून निवडलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा, त्यातून पुढे गेलेल्यांचा कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत, एवढ्या चाळण्यांतून मूल खाली येतं. हे सगळं फ्लेक्सवर मावत नाही. ‘शास्त्रज्ञ’ लिहावं आणि मोकळं व्हावं. फक्त कोपऱ्यात होमी भाभांचा फोटो टाकताना डोक्यावर पगडी दिसली तर थांबावं. ते सी. व्ही. रामन.

रामन यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. समारंभ शक्यतो २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी ठेवावा. १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला म्हणून तो दिवस आहे. प्रमुख पाहुणे त्याला रामन यांची जयंती म्हणतील. जयंती ७ नोव्हेंबरला असते. दुरुस्ती करायला जाऊ नये, हार दोन्ही प्रसंगी तोच लागतो.

ऑलिंपियाडचं मूल हाती लागलं तर मात्र आयोजकाची खरी परीक्षा असते. शाळाशाळांतून फी घेऊन होणाऱ्या आणि जवळजवळ प्रत्येक गळ्यात पदक घालणाऱ्या ‘ऑलिंपियाड’ नावाच्या परीक्षा मी यात धरत नाही. त्यांचे सत्कार गटागटाने, प्रार्थनेच्या वेळीच उरकता येतात. मी म्हणतोय ते खरं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातर्फे शिबिरं होऊन देशाचा चमू निवडला जातो. भौतिकशास्त्रासाठी पाच मुलं, रसायन आणि जीवशास्त्रासाठी चार-चार, गणितासाठी सहा. परीक्षा प्रत्येकाने आपापली द्यायची आणि पदकही आपापलं. इथे नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. त्याला वाटतं सुवर्णपदक म्हणजे जगात पहिला नंबर. वस्तुस्थिती अशी, की गणितात पदकं जास्तीत जास्त निम्म्या स्पर्धकांना मिळतात आणि सोनं, चांदी, कांस्य यांचं प्रमाण साधारण १ : २ : ३ ठेवतात. म्हणजे बारांत एखाद्याला सुवर्ण. जगभरातून निवडून आलेल्या मुलांत बारांत एक येणं ही छाती दडपावी अशी गोष्ट आहे, पण फ्लेक्सवर ती कशी दिसणार? तेव्हा ‘जगात पहिला’ असं छापावं. मुलगा लाजून ‘काका, तसं नसतं ते’ म्हणेल. त्याच्या पाठीवर थाप मारून ‘किती नम्र आहे बघा’ म्हणावं.

२०२५च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड चक्क मुंबईतच भरलं होतं. साठेक देशांची पोरं आली, ताऱ्यांची गणितं सोडवून गेली. पण नेमकी त्याच दिवसांत दहीहंडी आली आणि चौकांत फ्लेक्सला जागाच उरली नाही. आयोजकाने पंचांग पाहावं ते यासाठी.

अमेरिकेतल्या एका मोठ्या विज्ञान मेळ्यात वरचा क्रमांक आलेल्यांच्या नावाने लघुग्रह ओळखला गेल्याची उदाहरणं आहेत. तशी बातमी आपल्या तालुक्यात आली तर ‘लघु’ बारीक अक्षरांत आणि ‘ग्रह’ ठळक छापावं. भूखंड नेमका कुठे आहे आणि नावावर कधी होणार, असं कुणी विचारलं तर फाईल पुढे गेली आहे म्हणून सांगावं.

असो. अशी मुलं रोज भेटत नाहीत. तुमच्या वाट्याला येणार ती गावातली, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात किंवा राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या जिल्हा फेरीत चमकलेली. आणि इथे काळजी घ्यावी लागते. प्रदर्शनातला ज्वालामुखी निरुपद्रवी असतो. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फेस आला की टाळ्या. इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारा जेसीबी तर पाहुण्यांना फारच आवडतो, तो स्वतः चालवून बघतात. बालविज्ञान परिषदेची गोष्ट वेगळी. तिथे मुलांना आपल्याच भागातला एखादा प्रश्न घेऊन, मोजमाप करून, निष्कर्ष काढायला सांगतात. यातून काय अनर्थ होतो, ते एका उदाहरणाने दाखवतो.

समजा सातवीतल्या एका मुलीने विषय घेतला, ‘आमच्या गावातले गळके नळ’. मोजपात्र नाही, म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण घेतलं, कारण त्यावर पाच आणि दहा मिलिलिटरच्या रेघा असतात. नळाखाली बाटली धरली, मैत्रिणीने मोबाईलवर दहा मिनिटं लावली. जमलेलं पाणी झाकणाने मोजलं, तीन झाकणं भरली. तीस मिलिलिटर. म्हणजे सेकंदाला साधारण एक थेंब. मग वहीत गुणाकार : तासाला १८० मिलिलिटर, दिवसाला ४,३२० मिलिलिटर. एका नळातून दिवसाला सव्वाचार लिटरहून जास्त. पोरगी इथेच थांबली असती तर बरं होतं. पण तिच्या लक्षात आलं, की सकाळी टाकी भरलेली असताना थेंब भराभर पडतात आणि दुपारी टाकी उतरली की मंदावतात. तेव्हा एकदाच मोजून चालणार नाही. म्हणून तीन वेळा मोजलं, सरासरी काढली, आठवडाभर तक्ता भरला. एका दिवसाचे आकडे ताळ्यात बसेनात. खोडले नाहीत, शेजारी लिहिलं : ‘त्या दिवशी म्हशीने बाटली पाडली.’ मग गावाचा नकाशा काढून गळके नळ लाल ठिपक्यांनी दाखवले. सर्वांत मोठा ठिपका ग्रामपंचायतीच्या दाराशी.

आता तुमच्या समारंभाचे अध्यक्ष सरपंच आहेत.

घाबरू नये. सत्काराची आपली पद्धत अशा प्रसंगांसाठीच घडत आलेली आहे. प्रकल्पाचं नाव सूत्रसंचालकाने ‘जलसंवर्धन’ असं वाचावं, ‘गळके’ हा शब्द घेऊ नये. तक्ता भिंतीकडे तोंड करून ठेवावा. मुलीला बोलायला दोन मिनिटं द्यावी, पण ती दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय आणि पाहुण्यांची मनोगतं यांच्या नंतर. तोपर्यंत माईकची बॅटरी संपते, किंवा मुलीला भूक लागते. शाल मोठ्या माणसाच्या मापाची घ्यावी. ती खांद्यावर पडली की मूल त्यात पुरतं झाकलं जातं आणि हात वर करता येत नाही. नारळ दोन्ही हातांत दिला की वही धरायलाही हात उरत नाही. फोटो निघेपर्यंत सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. मैत्रीण, जिने वेळ लावली होती, ती गटप्रमुख नसल्यामुळे फोटोत नाही. विज्ञानाच्या बाई मागे खुर्च्या मांडत असतात, त्यांना हाक मारू नये, कार्यक्रम लांबतो.

भाषणात ‘भावी कलाम’ हा शब्दप्रयोग आलाच पाहिजे. ‘या लहान वयात’ किमान तीनदा. ‘तू हे कसं मोजलंस?’ हे कुणीही विचारू नये. विचारलं की ती सांगायला लागते. सांगायला लागली की झाकण, टाकी, म्हैस, सरासरी असं सगळं येतं, आणि श्रोत्यांतली इतर पोरं पुढे सरकून ऐकू लागतात. शिस्त बिघडते.

या बाबतीत डॉ. जयंत नारळीकरांनी फार वाईट पायंडा पाडून ठेवला आहे. मुलं सही मागायला आली, की ते सही देत नसत. पोस्टकार्डवर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, म्हणत. आणि मग स्वतः उत्तर लिहून खाली सही करून पाठवत. अशाने मुलांना वाटतं, की मोठ्या माणसांना प्रश्न विचारायचे असतात. शिवाय त्यात आयोजकाला उत्तर यावं लागतं. हे आपल्याला परवडणारं नाही. आपण सेल्फी द्यावा.

सत्कार आटोपला, पेढे वाटून झाले, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, की मुलगी शालीतून मान काढून सरपंचांजवळ जाईल आणि विचारेल, “सरपंचकाका, तोटी कधी बदलणार? नवी बसवली की मला परत मोजायचंय.” यासाठी आधीच तयारी असावी. सरपंचांनी ग्रामसेवकांकडे बोट दाखवावं, ग्रामसेवकांनी विषय मासिक सभेत घेऊ म्हणावं. मासिक सभेची तारीख मात्र तिला सांगू नये. ही मुलं तारखा वहीत लिहून घेतात.