आधी विस्तव शोधा

मुलांसाठी म्हणून छापलेलं पाककृतींचं पुस्तक हातात आलं, की आधी त्यात विस्तव शोधावा. बऱ्याच पुस्तकांत तो सापडत नाही. बिस्किटांचा चुरा करा, त्यावर चॉकलेट ओता, रंगीत गोळ्या पेरा. ब्रेडच्या कडा कापा, चीज ठेवा, डोळ्यांच्या जागी मिरे लावा. शाळाशाळांतल्या बिनगॅसच्या पाककृती स्पर्धाही याच वळणाच्या. मुलं तासभर खूश असतात, फोटो निघतात, आणि घरी आल्यावर त्यांना साधं वरण लावता येत नाही.

मूल भाजेल ही पालकांची भीती खरी आहे. पण विस्तवापासून लांब ठेवलेलं मूल अठराव्या वर्षी भाड्याच्या खोलीत एकटंच विस्तवापुढे उभं राहतं, आणि तेव्हा शेजारी कुणी नसतं. पाचव्या वर्षी मटार सोलावेत, तांदूळ धुवावेत. सात-आठ वर्षांच्या हातांना कणीक मळता येते. दहाव्या वर्षी मोठ्या माणसाच्या शेजारी उभं राहून गॅस पेटवावा. फोडणी त्याच्याही नंतर. हा क्रम ज्या पुस्तकात दिसतो ते घ्यावं. कुठल्या वयाला काय जमेल हे न सांगता सगळंच सोपं म्हणणारं पुस्तक दुकानातच राहू द्यावं.

यापेक्षा मोठी कसोटी दुसरीच आहे. पुस्तक वाचता वाचता मूल घरातल्या कुणाला तरी हाक मारतं का? जे पुस्तक मुलाला सांगतं, की तुला कुणाची गरज नाही, मीच सगळं सांगतो, ते निम्मं खोटं बोलतं. स्वयंपाकातलं बरंच काही कागदावर मावत नाही. ते आजीच्या, बाबांच्या, आत्याच्या हातात असतं. चांगलं पुस्तक मुलाला तिथे पाठवतं.

मावळातल्या घरांसाठी तपासणी सोपी आहे. पुस्तकातलं भाताचं पान काढा. आपल्याकडे घराघरांत इंद्रायणी शिजतो. हे वाण इथलंच. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून ते तयार झालं आणि 1987 मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आलं. आंबेमोहराचा वास त्यात उतरला. हा भात मऊ आणि चिकटसर होतो. बासमतीसारखा एकेक दाणा मोकळा करायला गेलात तर त्याची चवच हरवते. आता पुस्तकात काय लिहिलंय ते बघा. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, शिट्ट्या तीन. एवढ्यावर भात होत नाही. दिवाळीच्या सुमारास घरात आलेला नवा तांदूळ पाणी कमी पितो. तोच तांदूळ पुढच्या आषाढापर्यंत कणगीत मुरला की जास्त मागतो. हे प्रमाण ऋतूबरोबर बदलतं. म्हणून पानावर एक वाक्य असायलाच हवं: तांदूळ नवा आहे की जुना, ते घरात विचार.

घराघरांतलं दुसरं माप म्हणजे बोटाचं पेर. तांदळावर एक पेर पाणी. पण कुणाच्या बोटाचं? आजीचं पेर आणि आठ वर्षांच्या नातीचं पेर यांत चांगलं अंतर आहे. आजीने नातीच्या बोटावर पेनाने खूण करून द्यावी लागते, किंवा तिची एक वाटी ठरवून द्यावी लागते. एवढं केलं की ती वाटी तिची होते. मग भात बिघडला तरी कशामुळे बिघडला हे तिला सांगता येतं.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 मध्ये हेच ओळखलं होतं. त्यांनी ग्रॅम आणि तराजू बाजूला ठेवून वाटी आणि चमचा हीच मापं धरली. लग्न करून परगावी गेलेल्या कितीतरी मुली त्या पुस्तकावर उभ्या राहिल्या. मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक समोर ठेवावं. आणि ‘चवीपुरतं मीठ’, ‘अंदाजाने पाणी’ हे शब्द तेवढे खोडावेत. ज्याला अजून अंदाज आलेला नाही, त्यालाच तर शिकवायचं आहे.

लोणावळ्यातलं पुस्तक म्हटलं की चिक्की आलीच पाहिजे, असं प्रकाशकांना वाटेल. येऊ द्या, पण खरेपणाने. पाणी 100 अंशांना उकळतं. चिक्कीचा पाक 140 अंशांच्या पुढे जातो आणि कातडीला चिकटून बसतो. मुलाने पाकाच्या कढईत हात घालायचा नाही, हे पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरांत हवं. त्याचं काम वेगळं आणि तितकंच महत्त्वाचं आहे. दाणे भाजून गार झाले की सालं चोळून काढायची, पाखडायचे, ताटाला तूप लावायचं. आणि पाकाची परीक्षा घ्यायची. गार पाण्याच्या वाटीत मोठ्यांनी पाकाचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं, मग मुलाने तो बोटांनी मोडायचा. वाकला तर पाक अजून कच्चा. कट्ट करून तुटला तर आला. त्या ‘कट्ट’मध्ये विज्ञानाचा एक तास आहे. पुस्तकाने तो फुकट घालवू नये.

रानभाज्यांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. पावसाळ्यात कामशेतच्या बाजारात करटोली, टाकळा, भारंगी येतात. भारंगीचा पाला कडू असतो, म्हणून आधी उकडून ते पाणी टाकतात. हे सगळं मुलांच्या पुस्तकात जरूर यावं. पण फोटो बघून पाला तोडायला सांगणारं पुस्तक धोक्याचं आहे. एकसारखी दिसणारी पानं रानात खूप असतात. भाजी ओळखायची ती जाणत्या माणसाबरोबर, आणि शंका आली तर ती टोपलीत टाकायचीच नाही. विकायला बसलेल्या मावशीला विचारलं, तर ती पाला कसा निवडायचा तेही दाखवते.

आता मुलग्यांबद्दल. इथे मला राग येतो.

लावणी सुरू झाली की आंदर मावळात, नाणे मावळात घरातली मोठी माणसं दिवसभर खाचरात असतात. मागे भात आणि कालवण कोण टाकतं? बहुतेक घरांत अकरा-बारा वर्षांची पोर. तिला कुठल्याच पुस्तकाने स्वयंपाक शिकवलेला नाही, गरजेने शिकवला. तिच्या पाठचा भाऊ त्याच वेळी बाहेर खेळत असतो. कुणी त्याला आत बोलावत नाही. स्वयंपाकाच्या पुस्तकाची गरज खरी त्याला आहे. मग दुकानात पुस्तक चाळताना चित्रं नीट बघा. लाटणं फक्त मुलीच्या हातात आहे का? मदतीला फक्त आईच आहे का? बाबा फक्त जेवायला बसलेले दाखवलेत का? तसं असेल तर पाककृती कितीही चांगल्या असोत, ते पुस्तक घेऊ नका.

आणि मराठीत पुरुषाने स्वयंपाकाचं लिहिणं नवं आहे का? मराठीतलं पहिलं छापील पाककलेचं पुस्तक मानलं जातं ते ‘सूपशास्त्र’, 1875 चं. लिहिणारे रामचंद्र सखाराम गुप्ते. दीडशे वर्षांपूर्वी एका पुरुषाला वरण-भाताचं शास्त्र लिहिण्यात कमीपणा वाटला नाही, आणि आज पाचवीतल्या मुलाला पोळी लाटायला सांगितलं की घरातलेच हसतात. सेवाग्रामच्या आनंदनिकेतन शाळेत नई तालीमच्या वाटेने स्वयंपाक हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि तो मुलगे-मुली दोघंही करतात. आपल्या जिल्हा परिषद शाळांच्या बालआनंद मेळाव्यात मुलं टेबलं मांडून भेळ-भजी विकतात. पैशांचा हिशेब शिकतात, ते उत्तमच. पण त्यातले कितीतरी डबे आईने पहाटे उठून भरलेले असतात. शिक्षकांनी एक अट घालावी: जो विकेल त्याने तो पदार्थ घरी मोठ्यांबरोबर स्वतः केलेला असावा.

परदेशातलं एक पुस्तक इथे आठवतं. मॉली कॅटझन आणि ॲन हेंडरसन यांचं ‘प्रिटेंड सूप’, 1994 चं, अगदी लहान मुलांसाठी. त्यात प्रत्येक पाककृती दोनदा येते. एकदा मोठ्यांसाठी शब्दांत, आणि पुन्हा मुलांसाठी नुसत्या चित्रांत. वाचता न येणारं मूल चित्रं बघून पुढे काय करायचं ते सांगतं आणि मोठा माणूस ऐकतो. मराठीत असं पुस्तक हवं, आणि त्यात पॅनकेकऐवजी इंद्रायणीचा भात, पिठलं, तांदळाची भाकरी हवी. भाकरीच्या पानावर उकड कशी काढायची ते लिहा, आणि थापायची वेळ आली की सरळ लिहा: आता पुस्तक बाजूला ठेव, घरात ज्याला थापता येते त्याच्याजवळ जाऊन बस. प्रकाशकांनी कागदही जरा जाड घ्यावा, कारण पिठाचे हात त्याला लागणारच. प्रत्येक पाककृतीखाली अर्धं पान कोरं सोडावं. त्यावर घरातली तऱ्हा लिहिली जाईल. कुणाच्या घरी पिठल्यात लसूण जास्त, कुणाच्या घरी चिंच.

ते पुस्तक येईपर्यंत थांबू नका. घरात ‘रुचिरा’ असेल तर ती काढा, नसेल तर वाचनालयातून आणा. एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर मोठ्यांनी पाककृती लिहावी, एका वाक्यात एकच काम. उजव्या पानावर मुलाने तेच काम चित्रात काढावं. पहिलं पान वरणाचं, दुसरं भाताचं. आणि वहीवर नाव घालताना, घरात मुलगा असेल तर, आधी त्याचं घाला.