कपाळाचा प्रश्न

कर्ण आजऱ्याचा, असं म्हटलं तर आमच्याकडं कुणी हसत नाही. ‘मृत्युंजय’ लिहिणारे शिवाजी सावंत 1940 साली इथं जन्मले, त्यामुळं कर्णाचं गाव कुठलं हा प्रश्न आमच्यापुरता निकालात निघाला. अडचण एवढीच, की शेजारच्या चंदगड तालुक्यात कोवाड आहे, तिथले रणजित देसाई, आणि त्यांनी 1973 साली ‘राधेय’ आणली. कुरुक्षेत्र राहिलं कुठल्या कुठं; हिरण्यकेशी आणि ताम्रपर्णीच्या मुलखात, लगतच्या दोन तालुक्यांत, दोन कर्ण तयार झाले. दोघांचं एकमेकांशी पुरतं जुळत नाही. मग खरा कुठला, यावर भांडणारी माणसं अजून शिल्लक आहेत. माझी थोरली बहीण, आक्का, त्यांतली म्होरकी.

तिचा मुलगा पुण्यात संगणकावर कसलीशी नोकरी करतो. त्याचं महाभारत निराळं. त्याचं नाव ‘स्टार ट्रेक’. सप्टेंबर 1966 मध्ये अमेरिकेच्या टीव्हीवर सुरू झालेली ही अंतराळयानाची गोष्ट मालिका, सिनेमे आणि पुन्हा मालिका करत अजून चालू आहे. गणपतीला भाचा घरी आला तो तोंड पाडूनच. आम्हाला वाटलं, नोकरीचं काही बिनसलं. तर म्हणाला, “मामा, गॉर्न बदलले.”

गॉर्न म्हणजे परग्रहावरची सरड्यासारखी जमात. 1967 साली ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा रबराच्या पोशाखात माणूस घालून काम भागवलं होतं. त्याला चालतानाही कष्ट पडायचे. कॅप्टन कर्क त्याच्याशी दगडधोंड्यांत झुंजला आणि प्रेक्षकांनी ते गोड मानून घेतलं. 2022 साली नवी मालिका आली. तिच्यातले गॉर्न चपळ आहेत, भयानक आहेत आणि माणसाच्या शरीरात अंडी घालतात. बरं, ही नवी मालिका गोष्टीच्या काळानुसार कर्कच्या आधीची. म्हणजे आधी चपळ असलेले प्राणी थोड्या वर्षांत लडबडायला लागले. आणि कर्कच्या माणसांना ते जणू पहिल्यांदाच भेटले! भाच्याला रात्रीची झोप नव्हती.

त्याआधीचं दुखणं क्लिंगॉनांचं. ही लढवय्यांची जमात. तीही 1967 चीच. त्याच वर्षी इकडं ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली, हा योगायोग मला उगाच आवडतो. त्या वेळी पैसे कमी, म्हणून नटांच्या तोंडाला गडद रंग फासला, बारीक मिशा लावल्या, झाले क्लिंगॉन. 1979 मध्ये मोठा सिनेमा आला, हाती पैसा आला, आणि त्यांच्या कपाळावर हाडांच्या वळ्या उगवल्या. का उगवल्या, कुणी सांगितलं नाही. बघणाऱ्यांनी मात्र विचारायचं सोडलं नाही. 1996 मध्ये एका भागात नवे लोक मागच्या काळात जातात आणि जुने, गुळगुळीत कपाळाचे क्लिंगॉन समोर येतात. सगळे वळून आपल्यातल्या वळ्यावाल्या वॉर्फकडं बघतात. तो तोंड वाकडं करून सांगतो, की हा आमच्या घरातला विषय आहे, बाहेरच्यांशी आम्ही त्यावर बोलत नसतो. 2005 मध्ये मात्र दुसऱ्या मालिकेनं दोन भाग खर्चून खुलासा केला: जनुकांच्या प्रयोगात एक विषाणू सुटला आणि त्यानं कपाळं सपाट केली. हुश्श म्हणेपर्यंत 2017 उजाडलं आणि नव्या मालिकेनं सगळ्या क्लिंगॉनांना टकलं करून टाकलं. बोंबाबोंब झाली. 2019 मध्ये केस परत आले, कारण म्हणे लढाई संपली, आता वाढवायला हरकत नाही.

आक्का समोर बसून गौरीच्या नैवेद्याचे तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, “मग पहिले खोटे का आत्ताचे?”

“दोन्ही खरे.”

“मग भांडतोस कशाला लेका?”

“आई, कारण सांगायला नको काय त्यांनी?”

“आमचे कीर्तनकार बुवा सांगायचे की. एका पुराणात राम असा वागला, दुसऱ्यात तसा, तर खरं काय, असं कुणी विचारलं की बुवा म्हणायचे, कल्पभेद. त्या कल्पातला राम तसा वागला, ह्या कल्पातला असा. पुढचा अभंग घ्या.”

भाचा ताडकन उठून बसला. “आई, हे तर मल्टिव्हर्स!”

हिशेबच करायचा तर ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, 432 कोटी वर्षांचा. असे कल्प येतात आणि जातात. प्रत्येकात नवा राम, नवा रावण, थोडा इकडचा तिकडचा फरक. जी युक्ती करायला अमेरिकेतल्या स्टुडिओंना डझनभर लेखक पोसावे लागतात, ती आमच्या बुवांनी एका नारळावर आणि उपरण्यावर भागवली. आजऱ्याला तर तिची गरजच आहे. हिरण्यकेशीवरच्या आमच्या रामतीर्थावर राम वनवासात राहून गेला. तिकडं नाशिकला पंचवटी, नागपूरकडं रामटेक. चौदा वर्षांत माणूस कुठंकुठं राहील? पण रामतीर्थाला येऊन असा प्रश्न विचारणारा अजून मला भेटला नाही.

आक्काचा हा उदारपणा फक्त दुसऱ्यांच्या गोष्टींपुरता, हे भाच्यानं लवकरच ताडलं. त्यानं वृषालीचा विषय काढला. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाच्या बायकोला, वृषालीला, स्वतःची बाजू मांडायला स्वतंत्र जागा आहे; आक्काच्या प्रतीत ती पानं मळून गेली आहेत. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला सांगतो, की अधिरथानं माझी लग्नं लावून दिली, मुलं झाली, नातवंडं झाली. लग्नं, अनेकवचनी. आणि नाव एकीचंही घेत नाही. आक्कानं ते ऐकलं आणि सुपातला एक खडा जरा जोरात बाहेर फेकला.

मग त्यानं भांडारकर संस्था काढली. पुण्याच्या या संस्थेनं 1919 मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्या कामाला पद्धत घालून दिली. त्यांच्यामागं बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या 1259 हस्तलिखितांचे पाठ तपासले. 19 खंड झाले आणि काम पुरं झालं सप्टेंबर 1966 मध्ये, म्हणजे ‘स्टार ट्रेक’ सुरू झालं त्याच महिन्यात. कुठला श्लोक जुना, कुठला मागून आला, याचा एवढा मोठा निवाडा दुसऱ्या कुठल्या गोष्टीच्या वाट्याला क्वचितच आला असेल. त्या निवाड्यात गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा मूळ संहितेबाहेर गेली. आणि द्रौपदीनं भर स्वयंवरात कर्णाला सूत म्हणून नाकारलं, तेही वरच्या मजकुरातून उतरून खाली तळाशी गेलं.

“खाली म्हणजे?” आक्कानं सूप बाजूला ठेवलं.

तिचा कर्ण त्या एका नकारावर उभा आहे. तो अपमानच झाला नसेल तर पुढच्या सगळ्या खदखदीचं काय करायचं? थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “पोत्यावर आजरा घनसाळ लिहिलं आणि आत लांब दाणा निघाला तर आपण पोतं परत करतो. मला माझा कर्ण पाहिजे. भांडारकरांचा ते ठेवून घेऊ देत.” घनसाळचा दाणा आखूड आणि वासाचा, त्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. तेव्हा हा दाखला आमच्या घरी शेवटचा शब्द मानला जातो.

मी मध्ये पडलो ते आमच्या भिंतीवरच्या सरस्वतीमुळं. आक्काचं म्हणणं, देवांचं रूप तरी कुणी बदललं नाही. ती तसबीर रविवर्म्याच्या चित्रावरून आलेली. त्याचा छापखाना मुंबईत 1894 साली निघाला, पुढं मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या रंगीत चित्रांनी घराघरांतले देव ठरवून टाकले. त्याआधी चित्रकथी, ताडपत्रं, दगडातली शिल्पं यांतल्या सरस्वतीचं नाक, साडी आणि बसणं निराळंच होतं. आपण जिला अनादी समजतो ती चेहरेपट्टी आमच्या पणज्याच्या तरुणपणातली. आक्कानं तसबिरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तू गप्प बस, असं न बोलता सांगितलं.

कर्णाच्या कवचावर तर भाचा लहानपणापासून अडून आहे. चोप्रांच्या ‘महाभारत’मध्ये, रविवारी सकाळी दूरदर्शनवर, पंकज धीरच्या छातीवर ते लखलखायचं. जन्मजात कवच बाळाच्या मापाचं असणार, मग मोठेपणी बसलं कसं? “अंगाबरोबर वाढलं,” हे आक्काचं उत्तर. मला ते विषाणूच्या खुलाशापेक्षा सरस वाटतं.

खरा पेच पडला तो ‘कल्की 2898 एडी’ पाहून. 2024 च्या या सिनेमात महाभारत आणि विज्ञानकथा एकाच भांड्यात घातलीत, त्यामुळं मायलेक पहिल्यांदाच एका सोफ्यावर बसून भांडले. कपाळाला जखम असलेला अश्वत्थामा म्हणजे अमिताभ बच्चन. परंपरेप्रमाणं कलियुग लागलं इसवी सनापूर्वी 3102 मध्ये, त्यात 2898 मिळवले की बरोबर 6000. “शून्य साल नसतं, म्हणून 5999,” भाचा पुटपुटला. पण त्याहून मोठी भानगड सौप्तिकपर्वात निघाली. तिथं कृष्ण अश्वत्थाम्याला भटकायचा शाप देतो तो 3000 वर्षांचा. भारतीय युद्ध त्या 3102 च्याही 36 वर्षं आधीचं धरतात. म्हणजे शाप इसवी सन लागण्याआधीच फिटला. तिकडं सात चिरंजीवांच्या यादीत अश्वत्थामा पहिला. इकडं नर्मदेच्या काठी तो जखमेला तेल मागत फिरतो, असं परिक्रमेहून आलेली माणसं अजून सांगतात.

आक्का नरकचतुर्दशीला आम्हाला तेल लावायच्या आधी जमिनीवर त्याच्या नावाचा ठिपका घालते. आमची आईही घालायची. “मग इतकी वर्षं मी तेल घालतेय ते कुणाला?” तिनं विचारलं, आणि या वेळी भाच्याकडंही उत्तर नव्हतं.

या सगळ्यात मला वॉर्फ आवडतो. 2005 चा विषाणू हुशारीचा आहे, पण तो आल्यावर ज्या प्रश्नावर माणसं रात्ररात्र जागली तो एका दमात संपला. पाहुण्यांसमोर विषय टाळणारा वॉर्फ मला आमच्याच घरातला वाटतो. बदल करायला माझी ना नाही. गॉर्नला खुशाल चपळ करा. फक्त जुन्या, लडबडणाऱ्या गॉर्नला पुसून टाकू नका. भांडारकरांनी केलं ते मला पटतं: नको असलेला श्लोकही त्यांनी फेकून दिला नाही, बारीक अक्षरात खाली ठेवला. द्रौपदीचा नकार तिथं आहे, आक्कानं भिंग घेऊन पाहिलाय.

आता एक विनंती. अश्वत्थाम्याच्या 3000 वर्षांचा आणि दिवाळीच्या तेलाचा मेळ कुणाला घालता आला तर दिवाळीआधी आम्हाला जरूर सांगावा. कल्पभेद हे उत्तर मात्र चालणार नाही, ते आक्कानं आधीच वापरलंय.