विशेषणांचा फौजदार

इंग्रजीच्या मुलखात हा गृहस्थ प्रत्येक पंगतीला एक तरी असतोच. यजमानीणबाईंनी कौतुकाने पुढे केलेला केक खाऊन कुणी 'नाइस' म्हटलं, की याचा घास घशात अडकतो. केक मऊ आहे, खुसखुशीत आहे की बेताचा गोड, ते स्पष्ट सांगा, अशी त्याची मागणी. 'नाइस' म्हणजे काटेकोर, सूक्ष्म. 'छान' हा अर्थ निव्वळ घुसखोर, हा त्याचा सिद्धान्त. हा नमुना आजचा नाही. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'तला हेन्री टिल्नी याच वंशातला. कॅथरीन एका कादंबरीला 'नाइस' म्हणते, तेव्हा तो तिची यथेच्छ फिरकी घेतो. त्याची बहीण मात्र तेच विशेषण उचलून त्यालाच चिकटवते, आणि तेही कौतुक म्हणून नव्हे! 'नाइस'चा एक जुना अर्थ 'चिकित्सखोर' असाही आहे, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

आमच्या फौजदाराची खरी पंचाईत वेगळीच आहे. जुना अर्थच खरा, तर किती जुना? या शब्दाचं मूळ लॅटिन 'नेस्कियस', म्हणजे अजाण. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला तेव्हा, 1300 च्या सुमारास, 'नाइस' म्हणजे चक्क मूर्ख! पुढे तो नखरेल झाला, चोखंदळ झाला, मग काटेकोर. 1755 साली डॉ. जॉन्सनच्या कोशात या काटेकोरपणाला मानाचं पान मिळालं. 'छान' हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. म्हणजे फौजदारसाहेबांचा 'मूळ' अर्थ हाही मागाहून आलेला बिऱ्हाडकरूच. साहेबांना सोयीचा, म्हणून घरमालक ठरलेला.

यावर तो म्हणेल, सगळ्यालाच 'नाइस' म्हटलं तर भाषा बोथट होते. निबंधापुरतं हे मान्य. तिथे दर ओळीला 'नाइस' लिहिणारा आळशीच. पण पंगतीत कुणी केकचा पंचनामा मागत नाही. तिथे मोघम शब्दच कामाचा: खोटं बोलावं लागत नाही आणि बाईंचं मनही राहतं. शिवाय बारीक फरकाला इंग्रज आजही 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणतो, तेव्हा काटेकोर अर्थही मेलेला नाही. नव्या भाडेकरूने जुन्याला बाहेर काढलेलं नाही. तेव्हा असा फौजदार भेटला तर वाद घालू नका. त्याला मनापासून 'नाइस' म्हणा. सातशे वर्षांतला कोणताही अर्थ त्याने घेतला, तरी तुमचं विधान चुकणार नाही.