सर्वानुमते मंजूर कसे करून घ्यावे?

सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. समजा, तुम्ही सेक्रेटरी आहात, इमारतीची लिफ्ट बदलायची आहे आणि कंत्राटदार तुमच्या मनात कधीच ठरलेला आहे. आता तो आपणच ठरवला असं सभासदांना वाटलं की झालं. त्यासाठी ही पंचसूत्री.

१. नोटीस. चौदा दिवस आधी काढा आणि ‘आज दुपारी पाणी येणार नाही’ या कागदाच्या शेजारी लावा, म्हणजे लोक पाणी वाचतील. मजकुरात कर्ता शोधूनही सापडता कामा नये. ‘दर मागवण्यात आले, विचार करण्यात आला, शिफारस करण्यात आली.’ कोणी केलं याचा पत्ता नसला की जाब विचारायला कोणाच्या दारात जायचं, हेही कळत नाही.

२. गणसंख्या. मन वळवण्याचे तीन मार्ग ॲरिस्टॉटलने सांगितले: वक्त्याची पत, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद. सोसायटीच्या गच्चीवर चौथा मार्ग सापडतो, तो म्हणजे घड्याळ. गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला गणसंख्येची गरज राहणार नाही, हे वाक्य नोटिशीत असतंच. तेव्हा सभा रविवारी सकाळी साडेदहाला ठेवा. विरोधक मटणाच्या रांगेत असतात.

३. पत आणि भावना. पत स्वतःची नसली तरी चालते, उसनी मिळते. ‘दुसऱ्या मजल्यावरचे साहेब निवृत्त इंजिनियर आहेत, त्यांनाही हे पटलंय’ एवढं म्हणा. साहेब आयुष्यभर कालव्यांवर होते, हे सांगायचं कारण नाही. मग एखाद्या आजोबांकडे पाहून विचारा, ‘उद्या हे मध्येच अडकले तर?’ आजोबा तळमजल्यावर राहतात, पण त्या क्षणी त्यांनाही घाम फुटतो.

४. युक्तिवाद. हा शेवटी, आणि थोडाच. तीन कोटेशनं ठेवा, सगळ्यात महागडं आधी वाचा. चौदा लाख ऐकून धसकलेल्या माणसाला नऊ लाख म्हणजे सवलत वाटते. तेच नऊ आधी सांगितले असते तर त्याने सिंकिंग फंडाचा हिशोब मागितला असता. ‘हा दर महिनाअखेरपर्यंतच आहे’ हे जाता जाता सांगा. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४च्या पुस्तकात मन वळवण्याची सहा तत्त्वं मांडली. त्यांत टंचाई आहे आणि उपकाराची परतफेडही. म्हणून वडापाव मतदानाच्या आधी वाटा, नंतर नव्हे. हातात चटणी असलेला माणूस विरोधासाठी हात वर करत नाही.

५. मंजुरी. ‘कोणाची हरकत आहे का?’ हा प्रश्न खुर्च्या सरकवल्याचा आवाज सुरू झाला की विचारा. सूचक आणि अनुमोदक आधीच पढवून ठेवा. तरीही काही राहिलंच, तर ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ आहेतच. पुढच्या वर्षी मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं की काम फत्ते. तोवर लिफ्ट बसलेलीही असते.

खबरदारी. या सगळ्यावर एकच उतारा आहे. दुसऱ्या रांगेतल्या काकू. त्या भाषणात रमत नाहीत, वडापाव पिशवीत ठेवतात, तिन्ही कोटेशनं मागून घेऊन चष्मा लावतात आणि शांतपणे विचारतात, ‘तिन्हींवर फोन नंबर एकच कसा हो?’ यावर ॲरिस्टॉटलकडेही उत्तर नाही. अशा वेळी वाद घालू नका, आवाज चढवू नका. काकूंच्या जागरूकतेचं जाहीर कौतुक करा, टाळ्या वाजवायला लावा आणि त्यांना तिथल्या तिथे लिफ्ट उपसमितीचं अध्यक्षपद द्या. कोटेशनांच्या पुनर्तपासणीसाठी त्यांना एक वर्षाची मुदत द्यावी, असा ठराव मांडा.

तो मात्र खरोखरच सर्वानुमते मंजूर होईल.